डाव्या हाताची जागा

सोमवार, १० फेब्रुवारी २०२५. सकाळी गारठा. समाधीवर बेल वाहून आले. हरभरा घाटे भरून उभा आहे, आठ-दहा दिवसांत काढणी. दीपाली दुपारच्या एसटीने भूमहून आली, वाळली आहे. राजेश्वरीने गव्हाची हुग्गी केली, गूळ बेताचा. दीपालीसाठी हिरवी साडी आणली आहे. मला कोणी दाखवली नाही, कपाटात दिसली. जेवताना बसवराज म्हणाला, उद्या लोहाऱ्याला जायचं, सहीला. "आई, तू बी." माझी सही कशाला, ते सांगितलं नाही.

एवढं लिहून अयोध्याबाईंनी पेनाला टोपण लावलं ते इतक्या जोरात, की शेजारच्या खाटेवर पाय पुसत बसलेली दीपाली दचकली.

"काय झालं गं आई?"

"टोपण सैल झालंय."

टोपण चांगलं घट्ट होतं. अयोध्याबाईंना राग आला की तो आधी हातात यायचा. भाकरी थापताना आला तर परातीचा आवाज शेजारी ऐकू जायचा. पण तोंडातून मात्र रागाचा शब्द चटकन निघायचा नाही, कारण सोलापूरच्या मिशनच्या शाळेत सिस्टर बेनेडिक्टांनी तो दातांच्या आत ठेवायला शिकवलं होतं. रोज संध्याकाळी दिवसाची नोंद करायची सवयही त्यांचीच, आणि न वाचता कशाखालीही नाव घालायचं नाही ही शिकवणही त्यांचीच. गिरणीत कारकून असलेल्या वडिलांनी हौसेने पोरीला त्या शाळेत घातलं आणि मग माकणीच्या शेतकऱ्याच्या घरी दिली. सासू त्यांना जन्मभर "आमची इंग्रजीण" म्हणाली. इंग्रजीण निंदायला गेली, खुरपायला गेली, म्हशीच्या धारा काढल्या आणि संध्याकाळी पाय धुऊन डायरी लिहिली. नवरा शांतलिंग, म्हणजे घरातले अप्पा, हसायचा. "लिव्ह, लिव्ह. आज अप्पा दोनदा शिंकला, ते बी लिव्ह."

ह्या हसऱ्या माणसावरच अयोध्याबाईंचा खरा राग होता, आणि मेलेल्या माणसावरचा राग फार वाईट, कारण तो कुठे ओतता येत नाही.

अप्पांना सगळं सांगून झालं होतं. दीपालीचं लग्न ठरलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "दोन्ही लेकरांचं काय ते कागदावर मांडून ठेवा." अप्पा म्हणाले, "मांडवाच्या दारात वाटणीचं बोलतीस व्हय? पाव्हणे काय म्हणतील?" पुढे बसवराजचं लग्न झालं, राजेश्वरी सून होऊन आली, पाठोपाठ कुलदीप आणि अर्पिता ही नातवंडं आली. त्या परत म्हणाल्या. अप्पा म्हणाले, "आत्ताशी पोरगं रांगेला लागलंय. वाटणीचं नाव काढलं की त्याचं मन फिरंल." मग छातीत कळ येऊन अप्पा लातूरच्या दवाखान्यात आठवडाभर राहून आले. तेव्हा अयोध्याबाईंनी कोरा कागद आणि पेन त्यांच्या उशाशी ठेवलं. अप्पांनी कागदाची पुडी केली आणि तिच्यात शेंगदाणे बांधले. "मृत्युपत्र लिहिलं की माणूस जातंय," ते म्हणाले. "माझ्या चुलत्यानं लिहिलं, आन् पंधरवड्यात गेला."

"तुमचे चुलते नव्वदीचे होते."

"म्हंजे न लिहिता शंभरी केली असती."

अशा माणसापुढे काय बोलणार?

अप्पांनी मागे ठेवलेली इच्छा म्हणाल तर एकच, आणि तीही तोंडी. दर वर्षी येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळं घर शेतात जेवायला जायचं. कडब्याच्या पेंढ्यांची खोप करायची, पांडवांची पूजा करायची, भज्जी, आंबिल, बाजरीचे उंडे खायचे आणि मग आडवं व्हायचं. रस्त्याच्या कडेला कडुलिंबाचं झाड होतं. त्याच्या सावलीत काठीने जमिनीवर गोल काढून अप्पा म्हणायचे, "मला हितं बसवायचं. आन् अयोध्या माझ्या डाव्या हाताला. लग्नात डाव्या हाताला बसली, तशीच." लिंगायतांच्यात माणसाला आडवं पुरत नाहीत. मांडी घालून, हातात लिंग देऊन, विभूती लावून बसवतात. सगळे हसायचे, राजेश्वरी "काय मामा, सणासुदीचं" म्हणायची, आणि बसवराज सगळ्यांत मोठ्याने हसायचा.

गेल्या आषाढात अप्पांना तिथेच बसवलं. डावीकडची जागा मोकळी ठेवून वरती चौथरा केला. पुढे तलाठ्याकडे वारसनोंद झाली. सातबाऱ्यावर तीन नावं आली: अयोध्या, बसवराज, दीपाली. नावं बघून बसवराजने उतारा घडी घालून खिशात ठेवला. मग यंदाच्या येळवशीला अयोध्याबाई आंबिलीचं मडकं घेऊन लिंबाखाली गेल्या, तर रस्त्याच्या कडेने चुन्याची रेघ मारलेली दिसली. रेघ चौथऱ्याच्या पलीकडून वळून परत रस्त्याला मिळत होती.

"हे काय रे?"

"मोजणी, आई. जेव तू."

मंगळवारी सकाळी बसवराजने जीप काढली. पुढे तो आणि राजेश्वरी, मागे मायलेकी. राजेश्वरीच्या मांडीवर साडीची पिशवी. वाटेत अयोध्याबाईंनी लेकीला हळूच विचारलं, "तुला काय सांगितलंय?"

"हक्कसोड करायचंय म्हणला बसवराजअण्णा. सगळ्याच बहिणी करतात की आई. माझ्या दोन्ही नणंदांनी केलं. नवीन साडी नेसायची, सही करायची, जेवायचं, झालं."

"आणि तुला करायचंय?"

दीपाली खिडकीबाहेर बघत म्हणाली, "न्हाय केलं तर अण्णा दारात उभं करंल का? दिवाळीला कोण बोलावंल मला? पंचमीला कोण न्यायला येईल?"

"मी. मी मेले का अजून?"

"तू किती दिवस आई?"

लेकीला तसं म्हणायचं नव्हतं. ती लगेच आईच्या हाताला बिलगली. पण अयोध्याबाईंना त्या प्रश्नाचाच राग आला, कारण तो खरा होता. शेताचं म्हणाल तर दीपालीला शेत नकोच होतं. तिला एक दार हवं होतं, आणि त्या दाराची किल्ली सहीला बांधून तिच्यापुढे धरली होती.

रजिस्ट्री ऑफिसच्या बाहेर पत्र्याच्या खोलीत दस्त लिहिणारे कोंडीराम बसायचे. हसतमुख गृहस्थ, कपाळाला गंध, समोर कॉम्प्युटर, मागे चार खुर्च्या. त्यांनी चहा सांगितला आणि कागद पुढे सरकवले.

"सगळं तयार हाय बसवराजभाऊ. काकू, हितं सही, हितं सही, आन् मागच्या पानावर. मग आत जाऊन फोटो, अंगठा, की मोकळ्या तुमी."

"मोकळी कशातून?" अयोध्याबाई म्हणाल्या आणि पर्समधून चष्मा काढला.

"वाचायचं काय त्यात आई," बसवराज म्हणाला. "नुसती फॉर्म्यालिटी हाय."

"मग मला नुसतं वाचू दे."

त्या वाचू लागल्या. चहा आला, निवला. कोंडीरामांनी दोनदा घड्याळाकडे बघितलं. दारात दुसरं गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. अयोध्याबाई एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत होत्या, आणि शेवटी त्यांनी मोठ्याने वाचलं, "'लिहून देणार क्रमांक एक व दोन या स्वखुशीने, नैसर्गिक प्रेमापोटी, कोणाच्याही दडपणाशिवाय आपला संपूर्ण हक्क व हितसंबंध कायमचा सोडून देत आहेत.' क्रमांक एक मी का?"

"व्हय काकू. तुमी, आन् दोन नंबरला ताई."

"माझ्या खुशीचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

कोंडीराम हसले. "तसा मजकूर असतोय काकू. सगळ्यांचीच खुशी छापील असती."

"दीपालीचं वाटेत कळलं," अयोध्याबाई लेकाकडे वळल्या. "माझं नाव कशाला काढायचं?"

"पार्टीला क्लिअर सातबारा लागतोय. एकच नाव असलं की बरं असतंय. नाव काढलं म्हंजे तुला घरातनं काढलं का? खाणं, पिणं, औषधं, समदं मीच बघतोय न्हवं?"

"कसली पार्टी?"

कोंडीरामांना वाटलं, घरात हे सगळं बोलून झालेलं असणार. ते मदतीला धावले. "लातूरचे हायेत काकू, चांगली माणसं. रोडला लागून हॉटेल टाकायचंय त्यांना. बरं बसवराजभाऊ, ते समाधीचं काय ठरलं? परवा म्हणत होते, चौथरा हटवल्याबिगर इसाराचे पैसे न्हाय. जेवायच्या जागी गिऱ्हाईक बिचकतंय म्हणे."

राजेश्वरीने पिशवी छातीशी धरली. ती नवऱ्याकडे बघत होती, म्हणजे तिलाही हे नवीनच होतं.

"इहिरीच्या मागं हलवू की," बसवराज खाली बघून म्हणाला. "स्वामींना इचारतो, पूजा करू, इधीनं करू. चांगला ग्रॅनाईटचा चौथरा बांधतो. आई, तितं बी सावली हाय."

अयोध्याबाईंनी चष्मा काढला, घडी केला, डबीत ठेवला. मग सिस्टर बेनेडिक्टांचं सगळं शिक्षण त्या पत्र्याच्या खोलीत पहिल्यांदा मोडलं.

"तुझा बाप बसलाय तिथं," त्या म्हणाल्या, आणि आवाज रस्त्यापर्यंत गेला. "बसलेल्या माणसाला उठवतोस? पाहुण्याला सुद्धा कोणी ताटावरून उठवत नाही रे! जन्मभर ते त्या रानात वाकले, आणि आता कुठे मांडी घालून बसले, तर म्हणे उठा, गिऱ्हाईक बिचकतंय? आणि माझी जागा? माझ्या जागेवर काय करणार होतास? हात धुवायचं बेसिन?"

"आई, लोकं बघायलेत."

"बघू देत. येळवशीला सगळ्यांत मोठ्यानं तूच हसायचास ना? तेव्हा ऐकलं होतंस की नाही, अप्पा काय म्हणायचे?"

"ऐकलं व्हतं. म्हणून काय? अप्पांनी लिहून ठिवलं का कुठं?" बसवराजचाही आवाज चढला. "अप्पा बोलायचे लई, लिहायचे कायबी न्हाय! कुलदीपला पुण्याला टाकायचंय. अर्पिताचं नर्सिंग हाय. म्या कुठनं आणू? पाठीमागची जमीन कोण घेतंय? रोडचीच मागतेत. तुला काय, तू डायरी लिव्हत बस."

हे शेवटचं वाक्य त्याच्या तोंडून गेलं आणि त्यालाही ते नको होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. पण गेलं ते गेलं.

लेक खोटं बोलत नव्हता; गरज त्याची खरीच होती. शेंगदाण्याची पुडी अयोध्याबाईंना आठवली. अप्पांनी कागदावर चार ओळी लिहिल्या असत्या, तर आज हा लेक असा उभा नसता, ती लेक अशी मान खाली घालून बसली नसती. सगळ्यांचं वाईट होऊ नये म्हणून गप्प राहिलेला माणूस सगळ्यांना एकमेकांच्या अंगावर सोडून निवांत बसला होता. त्यांचा राग लेकावरून उठून लिंबाखाली गेला, आणि परत आला तेव्हा कामाचा झाला होता.

"अर्पिताचं म्हणालास," त्या आता हळू बोलल्या. "तुझ्यामागं कुलदीपला जमीन. आणि अर्पिताला कोणत्या रंगाची साडी?"

उत्तर दिलं ते राजेश्वरीने. ती वीस वर्षांत सासूपुढे आणि नवऱ्यापुढे एकदम बोललेली कोणाला आठवत नव्हतं.

"मला लाल दिली हुती," ती म्हणाली. "माझ्या भावांनी. जरीची. सही करून माहेरी आले तर माझ्या बापाचा फोटो बी भिंतीवरनं काढून ठेवला हुता, सोप्याला रंग द्यायचा म्हणून. ती साडी म्या एकदाच नेसले, आत्या. अहो, अर्पिताला मी अशी साडी आणायची न्हाय. आत्ताच सांगते."

"तू मधी पडू नको," बसवराज म्हणाला.

"मी मधीच हाय. पिशवी कोण धरून बसलंय?"

कोंडीरामांनी घसा खाकरला. बाहेरचं गिऱ्हाईक आता आत येऊन खुर्चीवर बसलं होतं आणि मन लावून ऐकत होतं.

"मग काकू, दस्ताचं काय करायचं?"

"ठेवून द्या. मी सही करणार नाही. दीपालीचं तिने ठरवावं. पण दीपे, दिवाळीसाठी सही करू नकोस. मी आहे तोवर माझ्या हिश्श्यात माझी चूल आहे, आणि तिथं यायला तुला कोणाच्या बोलावण्याची गरज नाही."

दीपाली उठली. भावाजवळ गेली. त्याच्या शर्टाच्या बाहीला चुना लागला होता, तो तिने झटकला. "अण्णा, आज न्हाय करत मी," ती म्हणाली. "रागावू नको."

"रागावलोच हाय," बसवराज म्हणाला.

"राव्ह. बहिणीवर रागावलं तर चालतंय."

"आता दुसरं काम," अयोध्याबाई कोंडीरामांना म्हणाल्या. "माझं मृत्युपत्र लिहा."

"आत्ता?"

"मग कधी? मेल्यावर येऊ का लिहायला?"

खुर्चीवरचं गिऱ्हाईक खो खो हसलं. कोंडीरामही हसले आणि कीबोर्ड पुढे ओढला. "त्याला स्टॅम्प बी लागत न्हाय काकू, साध्या कागदावर चालतंय. दोन साक्षीदार मात्र बाहेरचे पायजेत. बोला."

अयोध्याबाई सांगत गेल्या आणि कोंडीराम टाईप करत गेले. माझा जो हिस्सा निघेल, तो माझ्यामागे लेक दीपाली आणि नात अर्पिता ह्यांना सारखा. लवकरच मोजणी लावून वाटण्या करून घेणार आहे. लिंबाचं झाड आणि समाधीची जागा मी माझ्या हिश्श्यात मागणार आहे. ती जागा कोणी विकू नये, कोणी हलवू नये. मला माझ्या पतीच्या डाव्या हाताला बसवावं. हे सगळं लिहिताना मी ठणठणीत आहे, आणि रागात आहे.

"रागात हाय, हे टाकू नका काकू. कोर्टात अडचण हुती."

"बरं, ठणठणीत ठेवा."

"आन् मला?" बसवराजने विचारलं. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, गेला नव्हता.

"तुला तुझा हिस्सा आहे की. कोणी काढून घेतला? रोडला लागलेलं रान लिंबापाशी संपत नाही. वाटणीत पलीकडचा तुकडा घे, तो वीक, हॉटेल होऊ दे, माझं काही म्हणणं नाही. कुलदीपला पुण्याला घाल. पण पार्टीला सांग, शेजारी म्हातारा बसलाय आणि उद्या म्हातारीही येणार आहे. बिचकणारं गिऱ्हाईक आम्हालाही नको. आणि घरी गेल्यावर तूही कागद घेऊन बस. बापासारखं पुड्या बांधत बसू नकोस."

एक साक्षीदार कोंडीराम झाले. दुसरा साक्षीदार खुर्चीवरचं गिऱ्हाईक. आपल्या आईचं, बानूबाईचं, तसलंच काम घेऊन तो आला होता आणि "आमच्यात बी असलंच चाललंय, आजी" म्हणत त्याने आनंदाने सही ठोकली. अयोध्याबाईंनी आपली सही त्याआधीच शाळेत शिकवली तशी केली होती, पूर्ण नाव, अक्षर सुटं.

बसवराज जीप घेऊन पार्टीला भेटायला लातूरकडे गेला. तिघी बायका वडापच्या जीपने माकणीला निघाल्या, आणि घराच्या अलीकडेच, लिंबापाशी उतरल्या. चुन्याची रेघ अजून ठळक होती. राजेश्वरीने चप्पल काढली आणि पायाने रेघेवर माती ओढायला लागली. दीपालीही लागली. अयोध्याबाई चौथऱ्याच्या डावीकडे उभ्या राहिल्या.

"झालं का मनासारखं?" त्या चौथऱ्याला म्हणाल्या. "हे काम तुमचं होतं. पंचवीस वर्षं मी कागद पुढं करत होते. लेकाच्या तोंडून काय काय ऐकून घ्यावं लागलं आज मला! बसा आता. मी आले की सगळं बोलणार आहे, आणि तिथं तुम्हाला उठून जाता यायचं नाही."

दीपाली हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. राजेश्वरीने पिशवी पुढे केली.

"वन्सं, हिचं काय करू? दुकानदार परत घ्यायचा न्हाय."

"आण की इकडं. मी नेसते. साडीनं काय गुन्हा केलाय?"

"सही न करता?"

"सही न करता. हिरवा माझ्या आवडीचा हाय."

बसवराज दिवे लागल्यावर आला. हातपाय धुतले, अप्पांच्या फोटोसमोर नेहमीप्रमाणे विभूती लावली, ताटावर बसला नाही. राजेश्वरीने दोनदा बोलावलं, अयोध्याबाईंनी एकदाही नाही. हिरव्या साडीतली दीपाली चुलीपुढे भाकरी थापत होती. थोड्या वेळाने तिने एक भाकरी चटणीसह ताटलीत घातली आणि त्याच्या खाटेवर ठेवून आली. ताटली रिकामी परत येते की भरली, हे बघायला अयोध्याबाई थांबल्या नाहीत. त्यांचा राग अजून गेला नव्हता, आणि तो घालवायची त्यांना घाईही नव्हती. त्यांनी डायरी उघडली, तारीख घातली आणि दिवसभराचं दोन ओळींत लिहिलं. मग खाली लिहिलं:

दीपाली रविवारपर्यंत राहणार. डब्यातलं पीठ संपलं. ज्वारी निवडून ठेवली आहे, उद्या सकाळी गिरणीत द्यायची.